संसदेच्या याचिका समितीकडे दाद कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघे-चौघे मिळून साखर कारखान्याचे निवृत्त कामगार, एसटीचे पेन्शनर आणि रोजचे रेल्वे प्रवासी यांना अर्ज लिहायला मदत करतो. गेल्या काही वर्षांत फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, अडचणीचे शेवटी आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. याचिका समिती म्हणजे काय? कोर्टातली याचिका आणि ही एकच का?

एकच नाही. कोर्टात तुम्ही कायद्याने मिळालेला हक्क मागता आणि न्यायाधीश आदेश देतात. संसदेकडची याचिका म्हणजे नागरिकाने थेट सभागृहाकडे केलेली मागणी: हा कायदा बदला, ही योजना सुधारा, या विधेयकात अमुक तरतूद घाला. सभागृहात सगळ्या याचिका वाचून त्यावर विचार करणे शक्य नसते, म्हणून ते काम एका समितीकडे सोपवले जाते. समिती संबंधित मंत्रालयाला जाब विचारते, गरज वाटली तर साक्षी घेते आणि सभागृहाला अहवाल देते. ती आदेश देत नाही, शिफारस करते. हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्या (प्रश्न १२ पाहा).

या याचिकेला कोर्ट फी नाही आणि वकीलही लागत नाही.

२. ही पद्धत नवीन आहे का? आमच्या आजोबांच्या काळी तर कोणी ऐकले नव्हते.

उलट, महाराष्ट्राला ही वाट फार जुनी आहे. १८५२ मध्ये मुंबईत नाना शंकरशेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे असोसिएशन काढली, तेव्हा तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे कंपनी सरकारच्या कारभाराबद्दल ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवणे. १८७५ मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेने हाउस ऑफ कॉमन्सकडे अर्ज केला की हिंदुस्थानला पार्लमेंटात थेट प्रतिनिधित्व द्या. ती मागणी मान्य झाली नाही, पण ती आजही नोंदीवर आहे.

दिल्लीतल्या आपल्या समितीचे मूळ १९२१ च्या एका ठरावात आहे. पहिली समिती १९२४ मध्ये नेमली गेली आणि १९३१ पासून तिला सध्याचे नाव मिळाले. राज्यसभेची समिती १९५२ पासून आहे.

३. लोकसभेची समिती वेगळी आणि राज्यसभेची वेगळी का? मी कुठे पाठवू?

दोन सभागृहे, म्हणून दोन समित्या. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात आणि ते लोकसभा अध्यक्ष नेमतात; मंत्र्याला या समितीवर घेत नाहीत. राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात आणि ते सभापती नेमतात. दोन्हींत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असतात.

कुठे पाठवायचे याचे साधे उत्तर: ज्या सभागृहातला खासदार तुमचा विषय मनापासून हाती घेईल, तिथे. विषय एखाद्या विधेयकाचा असेल, तर ते विधेयक त्या वेळी ज्या सभागृहात आहे तिथे. एकच मजकूर दोन्हीकडे पाठवून घाई करू नका.

४. कोणत्या विषयावर याचिका करता येते?

तीन प्रकारचे विषय चालतात. मांडलेले किंवा प्रसिद्ध झालेले विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेले कामकाज आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताची बाब. आपल्या लोकांचे बहुतेक विषय तिसऱ्या प्रकारातले असतात आणि गाळणीही तिथेच लागते. विषय कोर्ट, न्यायाधिकरण, चौकशी आयोग अशा कोणापुढे असेल तर चालत नाही. तो राज्याच्या विधिमंडळात मांडण्यासारखा असेल तर चालत नाही. खासदाराला तो रीतसर प्रस्ताव किंवा ठराव आणून मांडता येण्यासारखा असेल तरी चालत नाही. आणि कायद्यात किंवा नियमांत आधीच दाद मागायची सोय असेल तरीही नाही.

या शेवटच्या अटीवर सर्वात जास्त अर्ज अडतात. एक उदाहरण घेऊ. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने तुमच्या सेवेची वर्षे चुकीची मोजली, तर त्यावर खात्यात दाद मागता येते. ती याचिका होत नाही. पण वर्षे बरोबर मोजूनही योजनेच्या सूत्राप्रमाणे हातात येणारी पेन्शन जगण्यापुरती नसेल, तर खाते काय करणार? तिथे नियमच बदलायला हवा, आणि नियम बदला हे सांगायची जागा म्हणजे ही समिती. अर्ज लिहिण्याआधी स्वतःला एवढेच विचारा: माझ्यावर नियम मोडून अन्याय झाला, की नियम पाळून झाला? दुसरे उत्तर आले तर पुढे वाचा. पहिले आले तर प्रश्न १४ कडे जा.

५. माझा प्रश्न दिल्लीचा की मुंबईचा, हे कसं ओळखायचं?

रेल्वे, टपाल, दूरसंचार, बँका, पासपोर्ट, संरक्षण दले, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राचे विषय. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली यांसारख्या छावणी परिषदांचा कायदाही केंद्राचाच, त्यामुळे नळाचे पाणी म्हणजे राज्याचा विषय हा अंदाज तिथे चुकू शकतो. सातबारा, फेरफार, पोलीस ठाणे, जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिका हे राज्याचे.

रस्त्यांच्या बाबतीत गोंधळ नेहमीचा. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे. पण त्याला येऊन मिळणारा तुमच्या गावचा रस्ता राज्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो. एका अर्जात दोन्ही घातले की अर्ज दोन्हीकडून परत येतो.

राज्याच्या विषयासाठी महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत. तिथे आमदारांमार्फत जा आणि खुशाल मराठीत लिहा. गोव्यात एकच सभागृह आहे आणि त्या विधानसभेचीही अशी समिती आहे.

६. मराठीत लिहिलं तर चालेल का? घटनेने तर हक्क दिला आहे ना?

दिला आहे. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. पण सभागृहाला सादर करायच्या याचिकेसाठी सभागृहाचा स्वतःचा नियम आहे: याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. दुसऱ्या भाषेत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि त्यावरही अर्जदाराची सही लागते.

माझा सल्ला: मूळ मजकूर मराठीतच लिहा. ज्याला पेन्शन मिळत नाही त्याने आपले म्हणणे आपल्या भाषेत मांडले की ते नेमके उतरते. नंतर हिंदी जाणणाऱ्या शिक्षकाकडून भाषांतर करून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक वाक्य ताडून पाहा. आकडे आणि तारखा भाषांतरात हमखास चुकतात.

७. मसुदा कसा लिहायचा? नमुना असतो का?

असतो, नियमांच्या परिशिष्टात दिलेला आहे. त्याचे चार भाग पडतात. कोणाला: 'लोकसभेस' किंवा 'राज्यसभेस'. कोणाकडून: नाव आणि ओळख, उदाहरणार्थ 'अमुक तालुक्यातील रहिवासी' किंवा 'अमुक आणि इतर'. मग हकिगत, थोडक्यात. शेवटी मागणी. त्याखाली प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही. लिहिता येत नसेल तर अंगठा.

भाषा सभ्य आणि संयमी हवी, असे नियमच सांगतो. राग खरा असतो, हे आम्हाला माहीत आहे. पण 'हे चोर अधिकारी' असे एक वाक्य बाकीच्या दोन पानांचे वजन घालवते.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मागणीचा, आणि लोक तिथेच ढिले पडतात. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त कामगार आले होते. हातात दुधाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक, कारखान्याचे ओळखपत्र आणि पाठपोट लिहिलेली सात फुलस्केप पाने. सात पानांत त्यांचे सगळे आयुष्य होते आणि शेवटची ओळ होती, 'तरी मेहेरबान साहेबांनी योग्य तो न्याय द्यावा.' योग्य तो न्याय म्हणजे काय, हे समितीला कसे कळणार? आम्ही दोघे चहा घेत बसलो आणि ती ओळ अशी केली: 'तरी किमान पेन्शनची रक्कम वाढवावी, ती महागाई भत्त्याशी जोडावी आणि विधवा पेन्शनलाही तोच नियम लावावा, अशी प्रार्थना आहे.' तीन मागण्या, तिन्हींवर हो किंवा नाही म्हणता येते. सात पाने मग दीड पानात बसली.

८. पुराव्याच्या झेरॉक्स जोडायच्या नाहीत, हे खरं आहे का?

खरे आहे. याचिकेला पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद जोडू नयेत असा नियम आहे. जी माहिती महत्त्वाची ती मजकुरातच आणा: शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख, रक्कम. कागद मात्र फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून तयार ठेवा, कारण समितीने पुढे मागितले तर ते लगेच द्यावे लागतात.

९. किती सह्या लागतात? ऑनलाइन पन्नास हजार सह्या जमवल्या आहेत, त्या चालतील का?

एक सही पुरते. आकड्याची अट नाही. ऑनलाइन मोहिमेतल्या सह्या मात्र याचिकेत धरता येत नाहीत, कारण इथे प्रत्येक सहीसोबत पूर्ण नाव, पत्ता आणि हाताची सही किंवा अंगठा लागतो. ऑनलाइन मोहिमेने बातमी होते, खासदाराचे लक्ष जाते, तेवढा तिचा उपयोग आहे. पन्नास हजार नावांपेक्षा ज्यांना खरोखर झळ बसली अशा दोनशे लोकांच्या वाचता येणाऱ्या सह्या आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात.

इंग्लंडमधले मराठी बांधव हा प्रश्न वेगळ्या कारणाने विचारतात. तिथली पद्धत वेगळी आहे: तिथल्या पार्लमेंटच्या संकेतस्थळावर याचिकेला १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देते आणि १,००,००० झाल्या की चर्चेसाठी तिचा विचार होतो. ती सोय ब्रिटिश नागरिक आणि तिथल्या रहिवाशांसाठी आहे. भारताच्या संसदेला असा आकडा लागू नाही.

१०. खासदाराची सही लागतेच का?

खासदार ती सभागृहात मांडणार असतील तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. तसे नसेल तर याचिका सभागृहाच्या महासचिवांकडे थेट पाठवता येते आणि ते सभागृहाला तिची माहिती देतात. खासदार तुमच्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असे नाही.

जमत असेल तर खासदारांमार्फतच जा. सभागृहात ते एवढेच म्हणतात की अमुक विषयावर इतक्यांच्या सहीची याचिका सादर करतो. त्यावर भाषण नाही की चर्चा नाही. पण नंतर समितीच्या कार्यालयात चौकशी करणारे एक माणूस तयार होते, आणि सामान्य अर्जदाराला तेच मिळत नाही.

११. पाठवल्यानंतर पुढे काय होतं? मला दिल्लीला बोलावतील का?

आधी याचिका नियमात बसते का ते तपासतात. बसत असेल तर ती सभागृहात सादर होते आणि समितीकडे जाते. विधेयकावरची असेल तर ती सदस्यांमध्ये पूर्ण किंवा सारांशाने फिरवली जाते, म्हणजे चर्चेच्या वेळी ती त्यांच्या हातात असते. सार्वजनिक हिताची असेल तर समिती मंत्रालयाकडून लेखी म्हणणे मागवते. कित्येक प्रश्न या टप्प्यावरच हलतात, कारण वर्षानुवर्षे 'विचाराधीन' असलेल्या फाइलवर आता संसदेला उत्तर द्यायचे असते.

उत्तराने समाधान झाले नाही तर मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावतात. अर्जदारालाही बोलावू शकतात, पण प्रत्येकाला बोलावतातच असे नाही. बोलावले तर घाबरू नका. बैठक बंद दाराआड असते, पत्रकार नसतात. आपले म्हणणे पाच मिनिटांत सांगता येईल असे घरी दोनदा बोलून पाहा. समितीपुढे साक्ष दिली म्हणून कोणी तुम्हाला त्रास दिला, तर तो सभागृहाचा अवमान ठरू शकतो.

मोठ्या विषयावर समिती वृत्तपत्रांतून लोकांची मते मागवते. अशी जाहिरात दिसली तर तुमची याचिका नसतानाही लेखी मत पाठवता येते, आणि ती संधी फार थोडे लोक घेतात.

१२. समितीने शिफारस केली म्हणजे सरकारला ती मानावीच लागते ना?

नाही. हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून दोन उदाहरणे सविस्तर सांगतो.

पहिले 'वन रँक वन पेन्शन'चे, म्हणजे एकाच हुद्द्यावरून तेवढीच सेवा करून निवृत्त झालेल्या सैनिकांना, ते केव्हाही निवृत्त झाले असोत, सारखीच पेन्शन. माजी सैनिकांची याचिका राज्यसभेच्या समितीकडे गेली. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, ते तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. समितीने १९ डिसेंबर २०११ रोजी १४२ वा अहवाल सादर केला आणि मागणी मान्य करावी असे सांगितले. सरकारची अधिसूचना आली ती ७ नोव्हेंबर २०१५ रोजी, १ जुलै २०१४ पासून लागू. ती ज्या स्वरूपात आली त्यावर माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कोश्यारी समितीच्या अहवालातून या मागणीचा इतिहास कळतो, पण तो अहवाल म्हणजे सरकारचे धोरण नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरातले, ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे. कारखाने, एसटी, सहकारी बँका इथून निवृत्त झालेल्यांची पेन्शन. याच समितीने, याच अध्यक्षांच्या काळात, २०१३ मध्ये १४७ व्या अहवालात किमान पेन्शन ३,००० रुपये करावी आणि ती महागाईशी जोडावी अशी शिफारस केली. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये केली. महागाईची जोड दिली नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की समितीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. १,००० रुपये म्हणजे मागितल्याच्या एक तृतीयांश, आणि ज्या माणसाने तीस वर्षे गाळपाच्या हंगामात रात्रपाळ्या केल्या त्याच्यावर हा अन्यायच आहे, असे मला मनापासून वाटते. तरीही त्यानंतरच्या आंदोलनांत, निवेदनांत '३,००० आणि महागाई भत्ता' हा आकडा आला तो त्या अहवालातून. तो कोणा संघटनेने काढलेला आकडा नाही. संसदेच्या समितीने, मंत्रालयाचे म्हणणे ऐकून घेऊन लिहिलेला आहे. मंत्र्यांना 'ही मागणी अवास्तव आहे' असे सहज म्हणता येत नाही, ते यामुळेच.

शिफारस फेटाळली तरी मंत्रालयाला काय केले आणि काय केले नाही, याचे लेखी उत्तर समितीला द्यावे लागते. ते मिळवा, जपून ठेवा. पुढच्या याचिकेचा पहिला परिच्छेद त्यातूनच निघतो.

१३. माझी केस कोर्टात चालू आहे. सोबत याचिकाही केली तर?

त्या मुद्द्यावर नाही (प्रश्न ४). कोर्टच नव्हे, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणासारख्या ठिकाणी प्रलंबित असेल तरीही नाही. आणि लपवू नका. मंत्रालय पहिल्याच उत्तरात केसचा क्रमांक कळवते.

१४. माझी तक्रार फक्त माझी आहे, याचिकेत बसत नाही. मग समितीचा काहीच उपयोग नाही का?

आहे. याचिकेच्या नियमात न बसणारी पत्रे आणि निवेदने यांचाही लोकसभेची समिती विचार करते. मात्र त्याआधी खात्याची दारे ठोठावा: लेखी तक्रार, केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंद, अपील. प्रत्येकाची पोच आणि नोंदणी क्रमांक जपा. एवढे करूनही उत्तर आले नाही, किंवा एकाच ओळीचे ठरावीक उत्तर आले, तर तारखांसह निवेदन पाठवा.

१५. मी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि त्याची प्रत समितीला पाठवली. दोन वर्षे झाली, काहीच कळले नाही.

दुसऱ्या कोणाला लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत समिती विचारात घेत नाही. त्यात समितीला उद्देशून स्वतंत्र विनंती हवी. निनावी पत्रे आणि ज्यांवरचे नाव-पत्ता वाचता येत नाही अशी पत्रेही बाजूला पडतात. 'प्रत माहितीस्तव' ही आपली सवय इथे सोडा आणि समितीलाच उद्देशून नवे पत्र लिहा.

१६. मी केंद्र सरकारी नोकरीत आहे. बढतीच्या प्रश्नावर खासदारांमार्फत याचिका करू का?

जपून. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियमांतला नियम २० स्वतःच्या सेवेच्या बाबीसाठी राजकीय किंवा बाहेरचे वजन वापरायला मनाई करतो. तुमच्या एकट्याच्या बढतीसाठी खासदारांची सही घेतली तर या नियमाकडे बोट दाखवले जाऊ शकते. आधी खात्यातल्या मार्गाने अर्ज करा. प्रश्न सगळ्या संवर्गाचा असेल तर मान्यताप्राप्त संघटनेने तो मांडणे बरे. निवृत्तांना ही अडचण नाही, म्हणून पेन्शनरांच्या याचिका बहुतेक वेळा पेन्शनरच करतात.

१७. मध्येच लोकसभा विसर्जित झाली तर?

सादर होऊन समितीकडे गेलेली याचिका लोकसभा विसर्जित झाली की व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. नव्या लोकसभेत नव्याने सादर करावी लागते. राज्यसभा विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे हा धोका नाही. लोकसभेची मुदत संपायला वर्षभरच उरले असेल, तर राज्यसभेचा मार्ग धरावा असे आम्ही सुचवतो.

१८. माहिती अधिकारात समितीच्या फाइलची प्रत मिळेल का?

माझी याचिका कोणत्या टप्प्यावर आहे, मंत्रालयाकडे कोणत्या तारखेला पाठवली, एवढे विचारायला हरकत नाही. साक्षी आणि अहवालाचा मसुदा मात्र अहवाल सभागृहात ठेवेपर्यंत गोपनीय असतो, आणि ज्या माहितीने संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ग) प्रमाणे नाकारता येते. अहवाल सभागृहात ठेवला की तो सर्वांसाठी खुला असतो आणि संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतो. मंत्रालयाने आपल्या बाजूने काय कार्यवाही केली, हे विचारायचे असेल तर अर्ज थेट त्या मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. अहवालाचा क्रमांक आणि शिफारशीचा परिच्छेद क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर उत्तर मोघम येते.